दहिवर आणि तंबाखू

माझ्या चुलतभावाचा नातू पुण्याला कंपनीत कामाला आहे. दोन वर्षांमागं श्रावणात तो गावी आला, तेव्हा त्याच्या पिशवीत एक लाकडी पाईप आणि पत्र्याचा चपटा गोल डबा होता. घरच्यांपुढं काढायची चोरी, म्हणून जेवणं झाल्यावर माझ्याकडं सोप्यात येऊन बसला. डबा उघडून पुढं धरला आणि म्हणाला, "आजोबा, ही तंबाखू ओलीच येते. ओढायच्या आधी वाळवावी लागते. कुणी सांगतं वीस मिनिटं, कुणी दोन तास, तर कुणी म्हणतं रात्रभर उघडी ठेवा. तुमची सगळी हयात तंबाखूत गेली. खरं किती वेळ वाळवायची?"

मी चिमूटभर हातात घेतली. मनुका आणि काकवी एका भांड्यात ठेवल्यासारखा वास. आमच्या तंबाखूचा वास असा नव्हता, आमची नाकात घुसायची. मी विडी ओढत नाही आणि पाईप तर सिनेमातच बघितलेला. पण त्याचा प्रश्न मात्र ओळखीचा निघाला. "किती वाळली?" हे दोन शब्द आमच्या घरात माघ महिन्यात रोज पहाटे कानावर पडायचे. त्यावर आमचं वर्ष चालायचं, आणि एकदा त्यावरच ते बुडालं. त्या पोराला रात्री सांगायला बसलो, पण सगळं सांगितलं नाही. राहिलेलं इथं लिहितोय.

आमचं गाव कागल तालुक्यातलं, वेदगंगेच्या खोऱ्यातलं, निपाणीपासून चालत जाता येईल इतकं जवळ. निपाणी कर्नाटकात गेली, आम्ही महाराष्ट्रात राहिलो. पण तंबाखूला ती सीमा कधी कळली नाही. दोन्हीकडची काळी रानं, दोन्हीकडं विडीची तंबाखू, आणि दोन्हीकडच्या गाड्या निपाणीच्या वखारींच्या दारात. आता नदीला बारमाही पाणी आलं, ऊस आला आणि तंबाखू गावातून जवळजवळ गेलीच. पंचविशीच्या पोरांना तिचं तरू कसं दिसतं तेही सांगता येणार नाही.

तंबाखूचं बी खसखशीपेक्षा बारीक. राखेत कालवून वाफ्यात फोकायचं. मृगाच्या आगेमागे तरू टाकायचं, श्रावणात लावण करायची. पुढं शेंडा खुडायचा, म्हणजे झाडाचं बळ पानात उतरतं. शेंडा खुडला की बगलेत फुटवे येतात, ते आठ-आठ दिवसांनी काढत राहायचं. त्या कामात हातावर काळा चिकट थर चढायचा. राखेनं घासला तरी निघायचा नाही आणि भाकरी कडू लागायची. लहानपणी मला वाटायचं, भाकरीची चवच माघापर्यंत कडू असते. पौषात पानांवर तांबूस ठिपके उठले, पान जाड होऊन खरबरीत लागायला लागलं, की विळा लावायचा.

इथवरचं काम कुणालाही शिकवता येतं. वाळवण शिकवता येत नाही.

कापलेली तंबाखू रानातच हारीनं पसरायची. दिवसा ऊन पाणी ओढून घेतं, रात्री दहिवर थोडं परत देतं. ह्या देण्याघेण्यात पान हिरव्याचं पिवळं, पिवळ्याचं तांबूस, तांबसाचं तपकिरी होत जातं. नुसतं पाणीच काढायचं असतं, तर पत्र्यावर टाकून दोन दिवसांत काम झालं असतं. पण घाईनं वाळलेली तंबाखू हिरवीच राहते. तिला ना वास ना जोर, आणि घशाला ती कात्रीसारखी लागते. म्हणून ऊनही पाहिजे आणि दहिवरही. ज्या वर्षी दहिवर पडायचं नाही, त्या वर्षी म्हातारी माणसं आभाळाकडं बघून पावसासाठी बोलावं तशी बोलायची.

आणखी एक गोष्ट. वाळायला लागलेल्या तंबाखूला दिवसा हात लावायचा नसतो. दुपारी पान इतकं कडक होतं की पाय पडला तरी चुरा. पलटायची, गोळा करायची, वाहायची ती पहाटेच, दहिवरानं पान मऊ असेपर्यंत. म्हणून माघात आमचं घर तीनला उठायचं. कंदील, घोंगडी, आणि रानात वाकलेली माणसं. दिवस कासराभर वर आला की काम थांबलंच पाहिजे. तेवढ्यात जे झालं ते झालं, राहिलं ते उद्या.

आता किती दिवस पसरून ठेवायची? मी आज्जाला लहानपणी हे विचारलं होतं. तो म्हणाला, "आरं, तुझी आई दिस मोजून भाकरी भाजती व्हय?" मग त्यानं मला शीर मोडायला शिकवली. पहाटे पान उचलायचं. दहिवरानं पान मऊ पडलेलं असतं, फडक्यासारखं. मधली शीर मात्र जाड, ती लवकर ओलावत नाही. ती बोटात धरून वाकवायची. कट् आवाज करून मोडली, तर आतलं पाणी गेलं, ढीग घालायला हरकत नाही. नुसतीच वाकली, तर आणखी पडू दे. पान मऊ आणि शीर कडक, ह्या दोन्ही गोष्टी एका वेळी पाहिजेत. दुपारी बघितलं तर पानही कडक, शीरही कडक लागते, त्यातून काही कळत नाही. आज्जाच्या भाषेत, "दुपारचं पान खोटं बोलतं."

आज्जाच्या चिलमीबद्दल इथंच सांगतो, कारण पोराचा प्रश्न खरा तिथला होता.

आज्जा विडी ओढायचा नाही. विडी म्हणजे घाईच्या माणसाचं काम, असं त्याचं मत. त्याची मातीची चिलीम, तिच्यात धूर गाळायला घातलेला खडा, खाली गुंडाळायची ओली छापी आणि कमरेला चंची. विकायचा माल निराळा, चिलमीचा निराळा. चिलमीसाठी तो वर्षाची तंबाखू ढीग मोडताना स्वतः निवडून बाजूला काढायचा. ती गाडग्यात ठेवायची आणि वरनं फडकं बांधायचं. ओढायच्या आधी चिमूट घेऊन अंगठा आणि दोन बोटांमध्ये दाबायचा आणि सोडायचा. दाबल्यावर तशीच गोळी राहिली, तर ओली. तशी भरली तर पेटत नाही, चुरचुर करते, सारखी फुंकर मारावी लागते आणि तोंडात कडू पाणी येतं. दाबल्यावर भुकटी झाली, तर जास्त वाळली. ती फुरकन जळते, चिलीम तापते आणि ठसका लागतो. दाबलेली चिमूट बोटं सोडल्यावर सावकाश उघडली, झोपेतल्या लेकराची मूठ उघडावी तशी, की ती बरोबर. ओली वाटली तर तो गाडगं चुलीच्या वैलापाशी सरकवायचा. कोरडी वाटली तर पाण्याच्या रांजणाच्या बुडाशी ठेवायचा, तिथली जमीन कायम गार असायची. पावसाळ्यात गाडगं वैलाकडं, उन्हाळ्यात रांजणाकडं. आईला त्या गाडग्याचा फार राग यायचा, सारखं पायात यायचं म्हणून. पण घरात कुणाला हवामान विचारायचं झालं, तर गाडगं कुठं आहे ते बघायचं.

ह्या चिलमीनंच आज्जा गेला, हेही लिहून ठेवतो. शेवटची चार वर्षं तो रात्री पाठ टेकून झोपला नाही, उशीवर छाती ठेवून ओणवा बसायचा. आम्ही जे पिकवलं त्यानं काय होतं, ते मला दुसऱ्याच्या घरात जाऊन बघावं लागलं नाही.

तंबाखू ह्या मातीतली नाही, हे मला बरंच उशिरा, वाचनाचा नाद लागल्यावर कळलं. आमच्या अभंगा-ओव्यांच्या मुलखात ती पहिल्यापासून असणार असं मी धरून चाललो होतो. ती अमेरिकेतली. पोर्तुगीजांनी जहाजातून आणली, आणि 'तंबाखू' हा शब्दही त्यांच्याच बोलीतून आला. दख्खनेत ती आधी रुजली, उत्तरेत मागनं गेली. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला अकबर बादशहाचा वकील असदबेग विजापूरच्या दरबारी गेला होता. तिथं त्यानं तंबाखू पहिल्यांदा बघितली. परत जाताना तंबाखू आणि नक्षीची, रत्नं जडवलेली नळी घेऊन गेला आणि बादशहापुढं ठेवली. अकबरानं दोन-चार झुरके घेतले. हकिमानं हरकत घेतली, नव्या वस्तूची परीक्षा झाल्याशिवाय ती घेऊ नये म्हणाला. दरबारात वाद झाला. अकबर पुढं काही तिच्या वाटेला गेला नाही, पण सरदारांनी सोडली नाही. त्याच्या मुलानं, जहांगिरानं, १६१७ साली तंबाखूवर बंदीचा हुकूम काढला. त्या हुकमाचं काय झालं ते आपण बघतोच आहोत.

विजापूर आमच्यापासून फार लांब नाही. हे वाचताना माझ्या मनात दुसरंच आलं. विजापुराहून आग्र्यापर्यंत उंटा-घोड्यांवरचा महिनोन्‌महिन्यांचा प्रवास, वाटेत माळव्याचं ऊन. ती तंबाखू वाळून पापड झाली असणार. बादशहाला ठसका लागला असेल तर त्यात तंबाखूचा दोष थोडा आणि वाटेचा जास्त. आमचा आज्जा त्या तांड्यात असता, तर त्यानं रोज रात्री गाठोडं पखालीच्या बुडाशी ठेवलं असतं. पुढं हुक्का आला, त्यात तंबाखूला गूळ-काकवी चोळून ओली ठेवायची रीत पडली, म्हणजे हा त्रास इतरांनाही झाला असावा. पुण्याच्या पोराच्या डब्यातला तो गोड वास त्याच जातीचा.

ओढणाऱ्याला वाळवण चुकली तर ठसका लागतो. पिकवणाऱ्याची चुकली तर काय होतं, त्याच्या दोन गोष्टी आहेत. एक आज्जाची, एक माझी.

१९४३ साली, महायुद्ध चालू असताना, सरकारनं तंबाखूवर अबकारी कर बसवला. कर वजनावर. त्यामुळं किती रानात लावली, किती वाळली, घरात किती, वखारीत किती, ह्या सगळ्याची नोंद ठेवावी लागायची. गावात 'एक्साइज' हा शब्द तेव्हा आला, म्हाताऱ्या बायकासुद्धा 'एकसाईज' म्हणायच्या. कर वजनावर आला, म्हणजे पानातलं पाणीही मोजणीत आलं.

आज्जा सांगायचा ती गोष्ट अशी. एक तरणा साहेब नोंदीला आला. कोकणातला, तंबाखू कधी न बघितलेला. पहाटे ढीग बांधत असतानाच आला होता, म्हणून त्यानं तिथंच वजन करायला लावलं. दहा मण भरली. वहीत लिहिलं. दुपारी भाकरी खाऊन त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, म्हणाला पुन्हा तोला. सव्वानऊ मण. साहेबाचा चेहरा बदलला. पाऊण मण तंबाखू दोन प्रहरात गेली कुठं? चोरून विकली, असंच कुणीही म्हणणार. आज्जा घाबरला, पण तोंडानं काही समजावत बसला नाही. म्हणाला, "सायेब, आज वस्तीला ऱ्हावा. बोलून उपेग न्हाई." साहेब खरंच राहिला. आज्जानं त्याच्या समोर एक पेंडी बांधली, तागडीत घातली आणि ती पेंडी रात्री अंगणात उघड्यावर ठेवली. साहेबाची खाट तिच्याशेजारी टाकली, म्हणजे कुणी हात लावला अशी शंका नको. पहाटे उठवून तीच पेंडी पुन्हा तोलायला लावली. वजन वाढलेलं. साहेबानं पेंडीवर हात फिरवला, हात ओला झाला. मग तो हसला आणि म्हणाला, "आजोबा, म्हणजे सरकारचा कर दहिवरावर पण बसला की." तेव्हापासून तो आमच्या गावात वजनाच्या पुढं वेळही लिहायचा. चांगला माणूस होता, आज्जा शेवटपर्यंत त्याची आठवण काढायचा.

व्यापारी मात्र दहिवराला साहेबासारखे भुलणारे नव्हते. त्यांना ते आमच्याइतकंच कळत होतं, म्हणून तर वांधा. आमच्याकडं येणारा व्यापारी (नाव लिहीत नाही, त्याची नातवंडं ओळखीची आहेत) नमुना बघायला कायम सकाळी यायचा. ढिगात हात घालायचा, मऊ पान चोळायचा आणि म्हणायचा, "ओली हाय. सूट धरावी लागंल." बोदामागं इतके किलो सूट ठरायची. मग गाडी निघायची ती ऊन वर आल्यावर. वखारीच्या दारात उन्हात दोन-तीन तास थांबायची, आधीच्या गाड्या असायच्या म्हणे. तिथं तोल व्हायचा तेव्हा माल खडखडीत वाळलेला, वजन उतरलेलं. म्हणजे दहिवराची सूट एकदा बोलीत जायची आणि ते दहिवर उडालेलं पुन्हा तोलात. एकाच पाण्याचे पैसे आम्ही दोनदा भरत होतो. आप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, "दाखवावी दुपारी, तोलावी पहाटं." पण वेळ ठरवायचा अधिकार तागडी ज्याच्या दारात असते त्याचा.

आता माझी गोष्ट.

महाराष्ट्रात अकरावीच्या जागी दहावीची परीक्षा आली त्या पहिल्या खेपेत, १९७५ साली, मी दहावी पास झालो. घरात पहिलाच. आप्पांनी ठरवलं होतं, एक वर्ष रानात काढ, माघातली तंबाखू विकली की जूनला अर्जुननगरच्या कॉलेजात घालतो. अर्जुननगर म्हणजे निपाणीच्या वेशीवर, महाराष्ट्राच्या हद्दीत. देवचंद कॉलेज तिथंच. सायकलवर जाऊन येण्यासारखं.

त्या वर्षी तंबाखू छान उतरली होती. कापून पसरली, आणि आत्याच्या गावी कुणी वारलं म्हणून आप्पा तिकडं गेले. आज्जा दम्यानं अंथरुणाला लागलेला. रान माझ्या ताब्यात आलं. नववा दिवस असेल. आज्जानं अंथरुणावरनं सांगितलं, एक पान आण. मी दुपारचं आणलं. त्यानं हातात घेतलं, ते चुरलं. माझ्याकडं बघून म्हणाला, "दुपारचं आणलंस. पहाटंचं आण, शिरंसकट."

दुसऱ्या पहाटे मी पान आणलं नाही. आईला आणि चार बायकांना घेऊन रानात गेलो आणि सगळी तंबाखू गोळा करून ढीग घातला, वर तरट टाकलं, कडेनं दगड लावले. दहिवर त्या दिवशी जड होतं, पानं ओल्या कपड्यासारखी लागत होती. मी शीर मोडून बघितली नाही. आईनं विचारलं, "झालीया न्हवं रं?" मी म्हटलं, "झालीया. आभाळ आलंय बघ, पाऊस लागला तर सगळंच जाईल." आभाळ आलं होतं हे खरं. पण त्या दिवशी शेजारच्या गावच्या जत्रेत कुस्त्या होत्या, आणि रान मोकळं झाल्याशिवाय मला जाता येणार नव्हतं. पाऊस काही आला नाही. कुस्त्या मी बघितल्या. कोण जिंकलं ते आज आठवत नाही.

चौथ्या दिवशी ढिगाजवळनं जाताना वास आला, गोठ्यात साचलेल्या मुतासारखा. हात आत घातला आणि झटक्यानं बाहेर काढला. तव्यावरनं काढलेल्या भाकरीत बोट घालावं तसं भाजलं. आईला हाक मारली. दोघांनी ढीग उपसला. कडेची तंबाखू बरी होती. मधली काळी पडलेली, पानं एकमेकांना चिकटलेली आणि शिरांवर पांढरी बुरशी. आई काही बोलली नाही. तिनं पदर खोचला आणि पानं सुटी करायला लागली. आम्ही दोन दिवस ती वाळवत बसलो, पण गेलेला वास परत येत नाही.

तो व्यापारी आला. ढिगात बोट घातलं, नाकाला लावलं. नेहमीसारखी घासाघीस केली नाही. तेवढ्यावरनंच मला काय ते कळलं. निम्म्याहून कमी माल त्यानं मिळेल त्या दरानं उचलला, बाकीचा उकिरड्यात गेला. त्याच्याशी भांडायला त्या वर्षी आमच्याकडं तोंड नव्हतं.

आप्पा मला रागावले नाहीत. आभाळाला दोष देऊन मोकळे झाले. मीही त्यांना तसंच देऊ दिलं. आज्जानं मात्र त्या रात्री मला जवळ बोलावलं आणि श्वास घेत घेत एवढंच विचारलं, "शीर मोडली हुतीस?"

मी म्हटलं, "व्हय."

तो बराच वेळ माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "मग आभाळच असंल." ज्येष्ठात तो गेला.

कॉलेज राहिलं. ते काही फार मोठं दुःख मी धरून बसलो नाही, माझ्या बरोबरीच्या पुष्कळ पोरांचं राहिलं. पण त्या उन्हाळ्यात आई निपाणीला वखारीत तंबाखू चाळायला जायला लागली. त्याआधी ती कधी दुसऱ्याच्या कामाला गेली नव्हती. पहाटे भाकरी बांधून चालत जायची, दिवेलागणीला यायची. वखारीत दारं बंद ठेवून चाळतात, वाऱ्यानं भुकटी उडू नये म्हणून. ती भुकटी बायकांच्या नाकातोंडात जायची. आई घरी आली की पहिली दारात उभी राहून शिंकायची, मग पदर झटकायची, मग आत यायची. सहा वर्षं ती जात होती. खोकला तिला लागला तो कायमचा. मी त्या एका पहाटे एक शीर मोडली असती तर ह्यातलं काय झालं असतं आणि काय टळलं असतं, ह्याचा हिशोब मी पुष्कळदा मांडलाय.

आई वखारीत जात होती त्याच काळात, १९७९ साली, पाल्यावरचा तो अबकारी कर सरकारनं उठवला. आम्हाला वाटलं, आता दर सुधारेल. सुधारला नाही. आणि मग १९८१ साल आलं. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या हाकेवर १४ मार्चला तंबाखूवाले शेतकरी निपाणीजवळ पुणे-बंगळूर रस्त्यावर जाऊन बसले. बैलगाड्या, बायका-पोरं, चुली, सगळं रस्त्यावर. त्या जागेला आंदोलननगर म्हणायचे. आप्पा पहिल्या दिवसापासून तिथं होते, मी घर आणि रस्ता असा ये-जा करायचो.

ह्या आंदोलनावर लिहिणाऱ्यांनी पुष्कळ लिहिलं आहे. मी एक लहान गोष्ट सांगतो. मार्चच्या उन्हात घरात ठेवलेली तंबाखू रोज वाळते. तरटाच्या आतसुद्धा वाळते. रस्त्यावर बसलेल्या प्रत्येकाच्या घरात बोद पडून होते आणि रोज त्यांचं वजन थोडं थोडं उतरत होतं. ज्यांच्याशी झगडा, त्यांनी नुसतं थांबायचं होतं. मी एकदा आप्पांना जाऊन सांगितलं की बोद हलके लागायला लागलेत, काही तरी करायला पाहिजे, नाही तर पाणी तरी शिंपडू. आप्पा गाडीच्या सावलीत बसले होते. म्हणाले, "वाळू दे. हितं बसायचं म्हटल्यावर ती वाळणारच." आणि शेजारच्या माणसाला म्हणाले, "पोराला शीर मोडाय येती, पर धीर न्हाई." ते सहज बोलले. त्यांना काही ठाऊक नव्हतं. मी मान खाली घालून उभा राहिलो.

चोवीस दिवस माणसं बसली. ६ एप्रिलला पोलिसांनी रस्ता मोकळा करायला घेतला, गोळीबार झाला, बारा शेतकरी मेले. आप्पा दोन दिवसांनी रानातनं, आडवाटेनं घरी आले. पायात वहाण नव्हती. आल्यावर घोटभर पाणी प्यायले आणि बोद ठेवलेल्या खोलीत जाऊन बराच वेळ एकटेच बसले. त्या वर्षीची तंबाखू आम्ही विकली तेव्हा ती हातात घेतली की नुसती वाजायची. पुढच्या वर्षी तो व्यापारी नमुना बघायला सकाळीच आला. आप्पा म्हणाले, "जेवून या. दुपारी बघू." तो थोडा वेळ उभा राहिला आणि दुपारी आला. पहाटे तोल करायला मात्र तो शेवटपर्यंत तयार झाला नाही.

त्या पुण्याच्या पोराला मी अकबराचं सांगितलं, साहेबाचं सांगितलं, आंदोलनाचं सांगितलं. मधला ढीग आभाळानं गेला असं सांगितलं. पन्नास वर्षं तेच सांगत आलोय, तोंडाला सवय झालीय.

बोलण्यात तास गेला. बाहेर झड लागलेली. त्यानं चिमूटभर तंबाखू वर्तमानपत्रावर पसरून ठेवली होती. घड्याळ बघून म्हणाला, "तास झाला. आता झाली असेल." मी दाबून बघितली. तशीच गोळी. श्रावणातल्या हवेत ती वाळायच्या ऐवजी आणखी ओली झाली असेल. आमच्या घरात आता गॅस आहे, पण पाणी तापवायची चूल मागं आहे. कागद तसाच उचलून तिच्या कट्ट्यावर ठेवायला सांगितला. थोड्या वेळानं त्याचं त्यालाच दाबायला लावलं. सोडल्यावर चिमूट हळूहळू उघडली. तो म्हणाला, "हे किती मिनिटं झाली? लिहून ठेवतो." मी म्हटलं, "लिही. पुण्यात चूल कुठं हाय तुझ्याकडं?"

तो हसला आणि पाईप भरून ओसरीवर गेला. आतनं आमच्या मंडळींचा आवाज आला, "कोण ओढतंय वो? सासूबाईंच्या पदराचा वास आल्यासारखा झाला." वास तसा अजिबात नव्हता, गुळमट होता. पण मी काही म्हटलं नाही.